डायर विरुद्ध डायर : एनफिल्डच्या शेकर वस्तीतलं पन्नास वर्षांचं वैर

शेकर या ब्रह्मचारी ख्रिस्ती पंथाच्या वस्तीतलं निषिद्ध प्रेम म्हटलं की डोळ्यांपुढे ठरलेली गोष्ट येते. एक तरुण ब्रह्मचारी, एक तरुणी, चोरून भेटी आणि मग एका रात्री दोघं पसार. अशी जोडपी खरोखर पळून गेली, एकदोन नव्हे, भरपूर. वस्तीच्या रोजनिशीत त्यांची नोंद ओळीभरात उरकलेली असते : अमका आणि अमकी जगात परत गेले. संपलं. पंथाला त्यांनी फारसा त्रास दिला नाही. पंथाला खरोखर भंडावून सोडलं ते चौदा वर्षं संसार केलेल्या, पाच मुलांच्या आईबापांनी. ते प्रकरण मेरी आणि जोसेफ डायर यांचं. ठिकाण अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं एनफिल्ड. काळ १८१३ पासून पुढे जवळजवळ अर्धं शतक.

आधी पंथाबद्दल जरुरीपुरतं. ॲन ली ही इंग्लंडमधल्या मँचेस्टरची लोहाराची मुलगी, जन्म १७३६. तिची चारही मुलं लहानपणीच गेली. स्त्री-पुरुष संबंध हेच सगळ्या पापाचं मूळ, अशी तिची खात्री झाली. १७७४ साली मूठभर अनुयायी घेऊन ती अमेरिकेत आली आणि १७८४ मध्ये वारली. तिच्यामागे जोसेफ मीचम आणि ल्युसी राइट यांनी पंथाची घडी बसवली. ब्रह्मचर्य, पापांची वडीलधाऱ्यांपुढे कबुली, सामायिक मालमत्ता आणि बाहेरच्या जगापासून फारकत हे चार खांब. प्रार्थनेत अंग थरथरायचं, नाच व्हायचा, म्हणून लोकांनी त्यांना ‘शेकर’ म्हणजे थरथरणारे म्हणून हिणवलं आणि ते नाव चिकटलं. बायकांना पुरुषांच्या बरोबरीचा अधिकार होता आणि तो कागदापुरता नव्हता. मीचमच्या मृत्यूनंतर सगळ्या पंथाची प्रमुख १८२१ पर्यंत ल्युसी राइटच होती. त्या काळातल्या दुसऱ्या चर्चमध्ये हे क्वचितच दिसेल.

म्हणूनच मेरी डायर तिकडे ओढली गेली, असं मला वाटतं.

वस्तीत येण्याआधी

मेरी मार्शल १७८० ची. १७९९ मध्ये तिचं जोसेफ डायरशी लग्न झालं आणि राज्याच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या रानवट मुलखात त्यांनी शेती केली. तिथली थंडी आणि एकटेपणा सोसत तिनं पाच मुलं वाढवली : केलब, बेट्सी, ऑर्व्हिल, जेरब आणि धाकटा जोसेफ. त्या भागात फिरते धर्मोपदेशक यायचे, घराघरांत सभा भरायच्या. मेरीला धर्माची ओढ होती, बोलायची हातोटी होती, आणि आपण नुसतं चूल-मूल करण्यासाठी जन्मलो नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. शेकर प्रचारक आले तेव्हा नवरा-बायको दोघांनीही त्यांचं ऐकलं. १८१३ साली कुटुंब एनफिल्डला मॅस्कोमा तळ्याकाठच्या वस्तीत दाखल झालं.

इथपर्यंत दोघांच्या हकिगती थोड्याफार जुळतात. पुढे मात्र प्रत्येक गोष्टीला दोन बाजू आहेत. मेरी म्हणते की जोसेफ दारू प्यायचा, तिला वाईट वागवायचा, आणि ती पंथात मनापासून कधी रुळलीच नाही. जोसेफ म्हणतो की शेकरांकडे जायची घाई तिलाच होती, तिला तिथे पुढारीपण हवं होतं, ते मिळेना म्हणून बिनसलं. शिवाय जुन्या दिवसांत एका फिरत्या उपदेशकाशी तिची जवळीक होती, असाही बाण त्यानं नंतर सोडला. प्रकरण वाचणाऱ्यानं दोघांपैकी कुणाचाच शब्द अखेरचा धरू नये. दोघांनीही लिहिलं ते भांडण पेटल्यावर, आणि दोघांनाही वाचकांचा कौल हवा होता.

एक गोष्ट मात्र मी जोसेफच्या पारड्यात टाकेन. बारा-तेरा वर्षांत पाच बाळंतपणं काढलेल्या बाईला ब्रह्मचर्य ही शिक्षा वाटली असेलच असं नाही. ती सुटकाही असू शकते. शेकर वस्त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा पुढे जास्त होत गेली, ती काही उगाच नाही.

दोन जिने

वस्तीत राहायचं म्हणजे नेमकं काय, हे जवळून पाहिल्याशिवाय मेरीचा पुढचा संताप कळत नाही.

शेकरांचं ‘कुटुंब’ म्हणजे एका छपराखाली राहणारे साठ, ऐंशी, कधी शंभर जण. एकाच घरात भाऊ आणि बहिणी. मठासारखी वेगळी इमारत नाही. उलट स्त्री-पुरुष रोज एकमेकांच्या नजरेसमोर. म्हणून सगळं दुहेरी. दारं दोन, जिने दोन. जेवायला एकाच दालनात, पण भावांची टेबलं एका बाजूला, बहिणींची दुसऱ्या बाजूला, आणि जेवताना कुणी बोलायचं नाही. भाऊ आणि बहीण यांनी एकांतात बोलायचं नाही, एकमेकांना हात लावायचा नाही. हे नियम सुरुवातीला तोंडी होते. लेखी संहिता १८२१ ची आणि सगळ्यात कडक १८४५ ची. तिच्यात जिन्यावर एकमेकांना ओलांडून जाण्यालाही मनाई आहे. नियम इतका बारीक करावा लागला, त्यावरून काय काय घडत होतं याचा अंदाज यावा.

पण माणसाला माणूस लागतंच. त्यावर पंथानं एक विलक्षण तोडगा काढला होता. आठवड्यातून ठरावीक संध्याकाळी भावांच्या खोलीत बहिणी यायच्या. समोरासमोर खुर्च्यांच्या दोन ओळी, मधे काही फुटांचं अंतर, आणि तासभर गप्पा. कोण कुणासमोर बसणार हे वडीलधारे ठरवत. विषय हवापाणी, शेती, धर्म. शिवाय प्रत्येक बहिणीकडे एका भावाचे कपडे नीट ठेवण्याचं काम असायचं. म्हणजे संसारातली बटणं लावणं होतं, फक्त संसार नव्हता.

या घरात मेरी आणि जोसेफ ‘बहीण मेरी’ आणि ‘भाऊ जोसेफ’ झाले. मुलं त्यांच्याकडे राहिली नाहीत. ती वेगळ्या ठिकाणी, नेमून दिलेल्या सांभाळणाऱ्यांच्या हाती गेली. रक्ताचं नातं हे शेकरांच्या लेखी देहाचं नातं, आणि देह तर मागे टाकायचा होता. आईनं आपल्या मुलावर इतर मुलांपेक्षा जास्त माया करणं हा दोष. नवऱ्याशी खाजगीत बोलणं हाही दोष. मेरीला या गोष्टीची पूर्ण कल्पना आधीपासून होती की नव्हती, यावर दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं लिहिली गेली. माझ्या मते हा प्रश्नच गैरलागू आहे. पाच मुलांच्या आईला असा नियम कागदावर वाचून समजत नाही. आपलं सहा वर्षांचं पोर दुसरीच्या मागे जाताना पाहिल्यावर समजतो.

जानेवारी १८१५ मध्ये मेरी वस्तीतून बाहेर पडली. एकटी.

दार उघडं होतं

शेकरांच्या बाजूनं एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. ते कुणाला कोंडून ठेवत नसत. जाणाऱ्या प्रौढ माणसाला बहुधा कपडे, थोडे पैसे देऊन वाटेला लावत. मेरीसुद्धा गेली तेव्हा तिला कुणी साखळीनं बांधलं नव्हतं.

पण ती काय घेऊन जाणार? तेव्हाच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्वच नव्हतं. शेत, गुरं, भांडीकुंडी नवऱ्याची, आणि ती त्यानं पंथाला दिलेली. मुलांवर हक्क बापाचा. बापानं करार करून मुलं पंथाच्या विश्वस्तांच्या ताब्यात दिली की ती सज्ञान होईपर्यंत तिथली. पोटगी मागावी तर उत्तर तयार : नवरा तिला सांभाळायला राजी आहे, तिनं त्याच्याकडे यावं. तो राहतो कुठे? वस्तीत. म्हणजे पुन्हा ‘बहीण मेरी’. घटस्फोट मागावा तर नवऱ्यानं व्यभिचार केलेला नाही, मारहाण सिद्ध होत नाही, तो परागंदाही नाही. तो तर तळ्याकाठी ब्रह्मचर्य पाळत सज्जनपणे राहतोय.

प्रकरणाची खरी गाठ मला इथे दिसते. शेकरांचं तत्त्वज्ञान विचित्र असेल, पण त्या तत्त्वज्ञानाला दात दिले ते राज्याच्या कायद्यानं. बायकोला पंथानं बरोबरीचं स्थान दिलं होतं आणि कायद्यानं नवऱ्याच्या सावलीत ठेवलं होतं. या दोन्हींच्या मधल्या फटीत मेरी पडली. पंथात असताना ती बहीण, त्यामुळे आईपणाचा दावा नाही. पंथाबाहेर ती पत्नी, त्यामुळे कसलाच दावा नाही.

लेखणीचा सूड

मेरीनं दाद मागायला जागा शोधली ती राज्याच्या राजधानीतल्या, कॉन्कर्डच्या विधिमंडळात. १८१७ आणि पुन्हा १८१८ मध्ये तिनं अर्ज केले. खाजगी माणसानं कायदेमंडळाकडे घटस्फोट मागण्याची पद्धत तेव्हा होती. तिच्या पदरात काही पडलं नाही. पण सुनावणीमुळे प्रकरण चव्हाट्यावर आलं आणि तिला आपली ताकद कळली.

त्याच सुमारास तिला जोडीदारीण मिळाली. न्यूयॉर्क राज्यातल्या युनिस चॅपमनचा नवरा वॉटरव्लीटच्या शेकरांत गेला होता आणि १८१४ साली ती घरात नसताना तिन्ही मुलांना घेऊन गेला होता. युनिस मेरीपेक्षा जास्त धूर्त, दरबारी वशिला लावण्यात पटाईत. मार्च १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळानं, वरून आक्षेप आलेले असतानाही ते डावलून, तिच्या एकटीसाठी खास कायदा केला आणि तिला घटस्फोट दिला. शेकरांनी तोवर तिची मुलं राज्याबाहेर हलवली होती. कुठे? एनफिल्डला.

मे १८१८ मध्ये एनफिल्डनं जे पाहिलं ते गावानं पुढे बरीच वर्षं चघळलं असणार. युनिस येऊन पोचली, मेरी तिच्यासोबत उभी राहिली, आणि आसपासच्या लोकांचा जमाव वस्तीवर चालून गेला. काही दिवस तणातणी चालली. शेवटी युनिसचा मुलगा जॉर्ज सापडला आणि ती त्याला घेऊन गेली. मुलीही तिला पुढे मिळाल्या. मेरीच्या हाती काहीच लागलं नाही. तिच्याकडे युनिससारखा कायद्याचा कागद नव्हता. जमावही कागद बघूनच जोर करतो.

त्यानंतर मेरीनं जे केलं त्याला सूड हाच शब्द आहे. १८१८ मध्येच तिची हकिगत छापून आली. जोसेफनं त्याच वर्षी उत्तरादाखल आपली पुस्तिका काढली. १८२२ मध्ये मेरीनं जाडजूड ग्रंथ काढला. त्यात एकटीची कहाणी नव्हती. पंथ सोडलेल्या कितीतरी जणांची शपथपत्रं होती. मुलांना मारहाण, कबुलीच्या नावाखाली मनं पिळणं, आणि खुद्द ॲन ली दारू प्यायची, सुरुवातीचे शेकर नागडे नाचायचे, इथपर्यंत. १८२४ मध्ये शेकरांनी या ग्रंथाचं खंडन छापलं, मेरीनं त्या खंडनाचं खंडन छापलं. १८४७ साली तिचं वय सदुसष्टच्या आसपास असताना शेवटचं मोठं पुस्तक आलं. त्याच्या शीर्षकातच तिनं एदेन बागेतल्या सापाचा वंशवृक्ष थेट शेकरांपर्यंत आणून पोचवला. ही पुस्तकं ती गावोगाव फिरून स्वतः विकायची. पोट त्यावरच होतं. तिची दुखरी नस हीच तिची रोजीरोटी झाली, आणि जखम भरू देणं तिला परवडणारं नव्हतं, असं क्रूरपणे म्हणता येईल. शेकरांनी ते म्हटलंच.

तिच्या लिखाणातलं सगळं खरं मानायला मी तयार नाही. शपथपत्रं दोन्हीकडून गोळा केली जात होती, आणि मेरीला खोटी ठरवणारे शेजारीही कमी नव्हते. पण दोन्ही बाजूंचे कागद शेजारी ठेवून वाचले की एक गंमत दिसते. जोसेफ आपल्या पुस्तिकेत मेरी कशी वाईट बायको आणि वाईट आई होती हे सांगत बसतो. ज्या पंथात बायको आणि आई ही नातीच मोडीत काढली, त्या पंथाचा माणूस बचाव मात्र त्याच नात्यांच्या मापानं करतो! जगाला पटवायचं तर जगाच्याच तराजूत उभं राहावं लागतं, हे वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना चांगलं कळत होतं.

या लढाईतून एक टिकाऊ गोष्ट निघाली. डिसेंबर १८२४ मध्ये न्यू हॅम्पशायरनं घटस्फोटाच्या कायद्यात नवं कारण घातलं : जोडीदार जर पती-पत्नीचं नातंच नाजायज मानणाऱ्या पंथात गेला आणि त्यानं एकत्र राहायला नकार दिला, तर घटस्फोट मिळेल. पंथाचं नाव घातलेलं नाही, पण राज्यात असा दुसरा पंथ होता कुठे? मेरीला घटस्फोट मिळाला तो १८३० मध्ये, वस्ती सोडल्यावर पंधरा वर्षांनी. तिनं माहेरचं मार्शल हे नाव परत लावलं. तोवर धाकटं पोरही लहान राहिलेलं नव्हतं.

मुलांचं काय झालं

ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या मुलांकडे बहुतेक लिहिणारे ओझरतं बघतात.

मुलं आईकडे आली नाहीत. ऑर्व्हिल वस्तीतला वडीलधारा झाला. थोरला केलब, जो १८१३ मध्ये तेरा-एक वर्षांचा होता, तो विश्वस्त झाला. विश्वस्त म्हणजे बाहेरच्या जगाशी पैशाचा, जमिनीचा, करारमदाराचा सगळा व्यवहार बघणारा माणूस. आणि तो कसला तयारीचा निघाला! एनफिल्डची भरभराट त्याच्याच काळातली. १८३७ ते १८४१ या काळात तळ्याकाठी सहा मजली ग्रॅनाइटची वास्तू उभी राहिली. तीही अर्थात दुहेरी जिन्यांची. तळ्याच्या पलीकडून रेल्वे गेली तेव्हा केलबनं १८४९ मध्ये तळ्यावर पूल बांधवला. बियाणं, औषधी वनस्पती, फ्लॅनेल, गिरण्या, सगळ्यांत त्याचा हात. ज्या पोराला आईनं बळी म्हणून पुस्तकात रंगवलं, तो बळी वस्तीचा कर्ता पुरुष झाला होता. मेरीच्या सगळ्या आरोपांना यापेक्षा वाईट उत्तर असू शकत नव्हतं, आणि ते उत्तर तिच्याच पोटचं होतं.

शेकर याकडे बोट दाखवून म्हणत, बघा, मुलं सुखी आहेत. मेरीच्या बाजूनं म्हणता येईल की लहानपणीच तोडलेल्या मुलाला दुसरं काही निवडायला शिल्लकच काय होतं. मला दोन्ही म्हणणी खरी वाटतात.

विश्वस्त म्हणून केलबच्या कामात आणखी एक गोष्ट येत होती : मुलं सांभाळायला घेण्याचे करार. ब्रह्मचारी पंथाला नवी माणसं बाहेरूनच मिळणार. अनाथ मुलं, गरिबांची मुलं, आजारी किंवा मोडलेल्या घरांतली मुलं सहीशिक्क्यानिशी घेतली जायची. १८१३ मध्ये ज्या प्रकारच्या कागदानं तो स्वतः आईपासून तुटला, तसले कागद आता तो इतरांच्या मुलांसाठी सांभाळत होता.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. थॉमस वेअर नावाच्या गावातल्या माणसानं सैन्यात जाताना आपल्या मुली शेकरांकडे ठेवल्या. परत आल्यावर त्यानं त्या मागितल्या. वस्तीनं नकार दिला, करार दाखवला. वेअर पुन्हा पुन्हा आला, धमक्या दिल्या. १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी त्यानं केलब डायरला गाठलं आणि गोळी घातली. तीन दिवसांनी केलब वारला. वेअरला शिक्षा होऊन तुरुंगात टाकलं.

या वेळी कायद्याचा हक्क मागणारा बाप होता, आई नव्हे. त्यालाही मुली मिळाल्या नाहीत. अर्ध्या शतकापूर्वी बापाच्या सहीला जी किंमत होती, तीच सही आता बापाच्या गळ्यात अडकली होती. मेरीनं लेखणी उचलली, वेअरनं बंदूक. दोघांचं मागणं मात्र शब्दाशब्दानं एकच होतं. जोसेफ डायर १८५८ मध्येच वारला होता, त्याला हे पाहावं लागलं नाही. मेरी जिवंत होती. वय त्र्याऐंशीच्या घरात, मुक्काम एनफिल्डमध्येच. ती १८६७ मध्ये गेली.

वस्तीनं केलबसोबत आणखी काहीतरी गमावलं. इतक्या वर्षांचे व्यवहार बहुतांशी त्याच्या डोक्यात होते, हिशेबाच्या वह्या नीट नव्हत्या. त्याच्या मृत्यूनंतर एका व्यापारी पेढीनं येणं असल्याचा दावा लावला. तो वर्षानुवर्षं चालला, आणि शेवटी शेकरांना मोठी रक्कम मोजावी लागली. ज्या पंथानं कुणाही एका माणसावर जीव टाकायचा नाही असं शिकवलं, तो पंथ व्यवहारात एका माणसावर इतका विसंबून होता. नवी माणसं येईनाशी झाली. १९२३ मध्ये एनफिल्डची वस्ती बंद पडली, आणि चार वर्षांनी ती जागा एका कॅथलिक मिशनरी संघानं विकत घेतली.

१८२४ चं ते कलम मात्र त्यानंतरही राज्याच्या संहितेत राहिलं. एकत्र न राहण्याची मुदत तेवढी कमी झाली. पती-पत्नीचं नातं न मानणाऱ्या पंथात जोडीदार गेला आणि सहा महिने एकत्र राहिला नाही, तर घटस्फोट मागता येतो. मुलांच्या ताब्याबद्दल त्या ओळीत एक शब्द नाही.